आकडीतून उतारा : डॉ. उगो चेर्लेत्ती यांची जीवनकथा

तीव्र नैराश्याने अंथरूण धरलेल्या माणसाला विद्युत उपचार द्यावे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात एकदम शांतता पसरते. कुणाला चित्रपटात पाहिलेले भयंकर दृश्य आठवते, कुणाला वाटते की आता माणूस कायमचा हातचा गेला. कुणी आणखी थोडे दिवस थांबू म्हणते, तर कुणी आधी देवळात प्रसाद लावून पाहू असे सुचवते. औषधाच्या गोळीला, सुईला, शस्त्रक्रियेलाही जी भीती वाटत नाही ती ‘शॉक’ या एका शब्दाने वाटते. हा शब्द वैद्यकाच्या या शाखेत रूढ करणारा आणि ही पद्धत प्रथम माणसावर वापरणारा डॉक्टर इटालियन होता. त्याचे नाव उगो चेर्लेत्ती. त्यांच्या निधनाला साठाहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्यांच्या आयुष्याची हकिकत जाणून घेतली की या भीतीचा उगम कशात आहे, तिच्यात तथ्य किती आहे आणि एवढ्या टीकेनंतरही जगभरातील मनोविकारतज्ज्ञांनी ही पद्धत का टाकून दिली नाही, हे समजू लागते.

या हकिकतीचा एक धागा आपल्या दख्खनमधून, हैदराबादेतून निघतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादलगतच्या सिकंदराबाद छावणीतील एक लष्करी डॉक्टर, रोनाल्ड रॉस, बेगमपेठ येथे सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाचे पोट तपासत होते. हुसेन खान नावाच्या मलेरियाग्रस्त रुग्णाचे रक्त प्यायलेला तो डास होता. त्याच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना मलेरियाचे परजीवी आढळले. पुढच्याच वर्षी रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी माणसाच्या मलेरियाचा प्रसार ॲनोफिलिस जातीच्या डासांमुळे होतो हे दाखवून दिले. शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून हैदराबादचे रॉस आणि रोमचे ग्रास्सी यांच्यात मोठा वाद माजला आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. मलेरियाचा मनोविकारांशी संबंध काय, असा प्रश्न येथे पडेल. तो संबंध वीस वर्षांनी जुळला आणि चेर्लेत्तींच्या कामाची वाट त्यातूनच मोकळी झाली.

उगो चेर्लेत्ती यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७७ रोजी उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतात, कोनेल्यानो या द्राक्षमळ्यांच्या गावी झाला. त्यांचे वडील जोव्हान्नी बात्तिस्ता चेर्लेत्ती हे द्राक्षशेती आणि मद्यनिर्मितीचे जाणकार होते. त्या गावातील मद्यविद्येची प्रसिद्ध शाळा ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्यांपैकी ते एक. मातीची परीक्षा, वेलींची निगा, प्रयोग करून पाहणे आणि नोंदी ठेवणे या वातावरणात मुलगा वाढला. त्याने मात्र वैद्यकाची वाट धरली. १९०१ मध्ये रोम येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर चेर्लेत्ती मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यासाठी पॅरिस, हायडेलबर्ग व म्युनिक या शहरांत जाऊन राहिले. मनोविकारांचे आधुनिक वर्गीकरण करणारे एमिल क्रेपेलिन, मेंदूतील पेशींना रंग देऊन त्या स्पष्ट पाहण्याची रीत शोधणारे फ्रान्झ निस्सल आणि ज्यांच्या नावाने विस्मरणाचा आजार आज घरोघरी माहीत आहे ते आलॉइस अल्झायमर, अशा दिग्गजांच्या सान्निध्यात त्यांना शिकता आले. वेडाचे मूळ मेंदूच्या रचनेत सापडेल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. चेर्लेत्तींनीही उमेदीची बरीच वर्षे मेंदूचे पातळ काप तपासण्यात घालवली.

ते केवळ प्रयोगशाळेत रमणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात इटलीचे सैन्य आल्प्सच्या बर्फाच्छादित शिखरांवर लढत होते. गडद रंगाच्या गणवेशातील सैनिक पांढऱ्या बर्फावर दुरूनही नजरेत भरत. त्यांना पांढरा गणवेश द्यावा, ही सूचना चेर्लेत्तींची. तोफगोळा पडताक्षणी न फुटता काही वेळाने फुटावा यासाठी विलंबाने पेटणारी कळही त्यांनी तयार केली. हाती आलेल्या साधनांतून चटकन उपाय शोधण्याचा हा स्वभाव पुढे त्यांच्या वैद्यकीय कामातही दिसला. त्याचे फायदे दिसले आणि धोकेही दिसले.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये मिलानजवळच्या मोंबेल्लो येथील मनोरुग्णालयाच्या संशोधनसंस्थेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्या काळातील मनोरुग्णालये म्हणजे जवळजवळ बंदिशाळा होत्या. रुग्ण आत येत, वर्षानुवर्षे राहत आणि अनेकदा तेथेच मरत. नैराश्य विकोपाला गेलेले रुग्ण खाणेपिणे सोडत, बोलणे बंद करीत, दगडासारखे निश्चल बसून राहत. त्यांना नळीने अन्न भरवावे लागे. आत्महत्येच्या भीतीने त्यांच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागे. डॉक्टरांच्या हाती झोपेची औषधे, गरम पाण्यातील स्नाने आणि बांधून ठेवण्याचे पट्टे यांपलीकडे फारसे काही नव्हते. पुढे जे घडले त्याचा न्याय करताना ही असहाय परिस्थिती ध्यानात ठेवायला हवी.

या अंधारात पहिली फट पडली ती मलेरियामुळे. उपदंशाचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला की रुग्णाला वेड लागे, पुढे पक्षाघात होई आणि काही वर्षांत मृत्यू येई. व्हिएन्नाचे युलिउस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाग्रस्त रक्त टोचले. तापाच्या काही पाळ्या येऊ दिल्या आणि मग क्विनाइन देऊन मलेरिया आटोक्यात आणला. आश्चर्य म्हणजे त्यांतील काही रुग्ण सुधारले. १९२७ मध्ये या कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्लंडमध्ये एप्सम येथील हॉर्टन रुग्णालयात तर संसर्गित डास पाळून त्यांच्या दंशातून रुग्णांना मलेरिया दिला जाई. डासांविषयीचे जे ज्ञान रॉस यांच्या सिकंदराबादेतील कामातून सुरू झाले, ते असे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडले. पेनिसिलिन आल्यावर ही पद्धत मागे पडली. परंतु शरीराला एक मोठा हादरा दिला तर बिघडलेले मन ताळ्यावर येऊ शकते, ही कल्पना मात्र वैद्यकात पक्की रुजली.

त्यानंतरची दोन पावले मध्य युरोपातच पडली. मानफ्रेड झाकेल यांनी इन्सुलिनने रुग्णाची साखर उतरवून त्याला बेशुद्धावस्थेत नेण्याची पद्धत पुढे आणली. बुडापेस्टचे लाडिस्लास मेदुना यांची दिशा वेगळी होती. अपस्मार आणि छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हे दोन विकार एकमेकांचे वैरी असून एक असेल तेथे दुसरा टिकत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून कृत्रिम रीतीने आकडी आणली तर छिन्नमनस्कता हटेल, या अपेक्षेने त्यांनी जानेवारी १९३४ मध्ये एका रुग्णाला कापराचे इंजेक्शन दिले. पुढे कापराऐवजी कार्डियाझोल हे औषध आले. काही रुग्णांना गुणही आला. मात्र हे औषध टोचल्यापासून आकडी येईपर्यंतचे क्षण रुग्णाला जिवंतपणी मरणाचा अनुभव देत. एकदा तो अनुभव घेतलेले रुग्ण दुसऱ्या इंजेक्शनच्या नुसत्या कल्पनेने थरथर कापत.

चेर्लेत्ती या काळात बारी, जेनोव्हा असा प्रवास करीत १९३५ मध्ये रोम विद्यापीठात मज्जा व मनोविकार विभागाचे प्रमुख झाले होते. विजेशी त्यांची गाठ पडली ती उपचारासाठी नव्हे. वारंवार आकडी येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतील एका विशिष्ट भागात बदल दिसतात. ते आकडीचे कारण असतात की परिणाम, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी जेनोव्हात ते कुत्र्यांना विजेने आकडी आणून त्यांचे मेंदू तपासत. एक विद्युतअग्र तोंडात आणि दुसरे गुदद्वारात ठेवल्याने प्रवाह हृदयातून जाई आणि कितीतरी कुत्री मरत. रोममध्ये त्यांचे तरुण सहकारी लुचो बिनी यांनी दोन्ही अग्रे डोक्याच्या दोन बाजूंना, कानशिलांवर ठेवली. प्रवाह हृदयापर्यंत जाणे थांबले आणि प्राणी जगू लागले. सगळ्या पुढच्या इतिहासाचा पाया या साध्या बदलात होता. तरीही माणसाच्या डोक्याला वीज लावण्याचे धैर्य कोणाला होईना. विजेच्या खुर्चीवर गुन्हेगारांना मारले जाते, हे सर्वांना ठाऊक होते.

त्याच सुमारास रोमच्या कत्तलखान्यात डुकरे विजेने मारतात, असे त्यांच्या कानावर आले. तेथे जाऊन पाहिल्यावर वेगळेच चित्र दिसले. कर्मचारी चिमट्याने डुकराच्या कानशिलांवर वीज लावत. जनावर आकडीत कोसळे आणि बेशुद्ध असतानाच त्याच्या गळ्यावर सुरी फिरवली जाई. सुरी न चालवता सोडले तर ते डुकर थोड्या वेळाने उठून चालू लागे. मृत्यू विजेने येत नव्हता. चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तेथे किती दाबाचा प्रवाह किती वेळ दिल्यास आकडी येते आणि कितीने जीव जातो, याची मोजमापे घेतली. आकडी आणायला पुरेसा प्रवाह आणि प्राणघातक प्रवाह यांच्यात भरपूर अंतर आहे, अशी त्यांची खात्री पटली.

एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या पोलिसांनी एका माणसाला चेर्लेत्तींच्या रुग्णालयात पाठवले. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस मिलानचा होता. रेल्वे स्थानकाच्या परिसरात तो भ्रमिष्टासारखा फिरत होता, असंबद्ध बोलत होता. निदान छिन्नमनस्कतेचे झाले. त्याच्याजवळ नातलग नव्हते. संमती देण्याच्या स्थितीत तो स्वतः नव्हता आणि त्याच्या वतीने ती कोणी दिलीही नाही. कमी दाबाचा पहिला प्रवाह दिला तेव्हा शरीर ताठरले, पण आकडी आली नाही. पुन्हा प्रयत्न करावा की नाही यावर डॉक्टरांत चर्चा सुरू असताना तोवर निरर्थक बडबडणारा तो रुग्ण अचानक स्पष्ट शब्दांत दुसरा झटका नको म्हणाला. उपस्थित सारे चरकले. चेर्लेत्तींनी तरीही प्रवाह वाढवून पुन्हा देण्याचा निर्णय घेतला. पूर्ण आकडी आली, श्वास काही काळ थांबला, पुन्हा सुरू झाला. शुद्धीवर आलेला रुग्ण शांत होता आणि काय झाले हे त्याला आठवत नव्हते. कार्डियाझोलची ती जीवघेणी धास्ती या पद्धतीत नव्हती, कारण विजेबरोबर शुद्ध त्याच क्षणी हरपत होती.

अशा अकरा उपचारांनंतर तो माणूस सुधारून घरी गेला, कामालाही लागला. २८ मे १९३८ रोजी रोमच्या वैद्यक अकादमीपुढे या प्रयोगाचे निवेदन झाले आणि बातमी जगभर गेली. त्या बातमीबरोबर एक गोष्ट मात्र तितक्या वेगाने पसरली नाही. काही महिन्यांतच त्या रुग्णाची लक्षणे परतली. म्हणजे पहिल्याच रुग्णात या उपचाराचे तीन पैलू एकत्र दिसले होते. परिणाम झटपट आणि ठळक होता, तो आपोआप टिकणारा नव्हता आणि रुग्णाचा नकार डावलला गेला होता. पुढच्या ऐंशी वर्षांतील सारे वाद याच तीन गोष्टींभोवती फिरत राहिले.

जर्मनीतून परागंदा होऊन रोममध्ये आलेले लोथार कालिनोव्स्की हे डॉक्टर चेर्लेत्तींच्या विभागात काम करीत होते. इटलीतही राहणे अशक्य झाल्यावर ते पॅरिस आणि इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचले आणि जेथे गेले तेथे ही पद्धत शिकवीत गेले. निरनिराळ्या देशांतील डॉक्टर ती वापरू लागले तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास आली. पद्धत शोधली होती छिन्नमनस्कतेसाठी. परंतु सर्वांत अधिक गुण येत होता तो तीव्र नैराश्याच्या रुग्णांना. अन्नपाणी सोडलेला, मरणाचीच भाषा बोलणारा, आपण घोर पापी आहोत या भ्रमाने ग्रासलेला रुग्ण दोन-तीन आठवड्यांत उठून बसे, जेवण मागे, घरच्यांना ओळख दाखवी. अपस्मार आणि छिन्नमनस्कता यांच्या वैराचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. ज्या उपपत्तीवर इमारत उभी केली ती चुकीची ठरली, पण आकडीचा उपयोग खरा निघाला. फक्त तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या आजारात निघाला.

या यशाची काळी बाजूही तेवढीच खरी आहे. सुरुवातीच्या काळात भूल न देता झटके दिले जात. आकडीच्या जोराने मणक्यांची आणि हातापायांची हाडे मोडत. गर्दीने भरलेल्या मनोरुग्णालयांत ज्यांना गरज नव्हती अशांनाही सरसकट विद्युत उपचार दिले गेले. काही ठिकाणी त्रास देणाऱ्या रुग्णांना धाक घालण्यासाठी त्यांचा शिक्षेसारखा वापर झाला. आज लोकांच्या मनात जी प्रतिमा ठसली आहे ती निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. ती या दिवसांची आठवण आहे.

स्वतः चेर्लेत्तींनाही ही पद्धत पाहताना स्वस्थ वाटत नसे. माणसाला आकडीत तडफडताना पाहणे त्यांना अप्रिय होते आणि तो प्रकार टाळता यावा ही त्यांची आयुष्यभराची खटपट राहिली. आकडीच्या क्षणी मृत्यूशी झुंजणारा मेंदू काही संरक्षक द्रव्ये तयार करीत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांना त्यांनी ‘आक्रोआगोनिन’ असे नाव दिले. विजेचे झटके दिलेल्या डुकरांच्या मेंदूंचा अर्क काढून तो रुग्णांना टोचण्याचे प्रयोग त्यांनी अनेक वर्षे केले. तसे द्रव्य हाती लागले असते, तर त्यांनी स्वतःचाच शोध आनंदाने मोडीत काढला असता. ती आशा फळाला आली नाही.

झटक्यातील क्रौर्य दूर झाले ते दुसऱ्या मार्गाने. अमेरिकेत एब्राम बेनेट यांनी १९४० मध्ये क्युरारे या वनस्पतिजन्य विषाची मोजकी मात्रा देऊन स्नायू सैल ठेवण्याची युक्ती काढली आणि हाडे मोडण्याचे थांबवता येते हे दाखवले. १९५० नंतर त्याची जागा अधिक सुरक्षित आणि अल्पकाळ टिकणाऱ्या सक्सिनिलकोलीनने घेतली. स्नायू निकामी झालेला माणूस जागा राहिला तर गुदमरल्याच्या भयाने व्याकूळ होईल, म्हणून सोबत भूल देणे आवश्यक ठरले. आकडी मेंदूत येते, शरीर मात्र जवळजवळ शांत असते.

भूल आली की तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो, आणि येथे हैदराबाद पुन्हा या कथेत येते. क्लोरोफॉर्मने रुग्ण का दगावतात, याचा शोध घेण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्च उचलला आणि रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी नेतृत्व केले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. म्हणून डॉक्टराने नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. हृदयाविषयीचा त्यातील दावा पुढे खोटा ठरला, कारण क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते हे १९११ मध्ये सिद्ध झाले. तरी श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची शिकवण भूलशास्त्रात राहिली. याच हैदराबादेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. अर्धे चूक आणि अर्धे बरोबर असे निष्कर्ष काढत, ते पुन्हा तपासत वैद्यक पुढे सरकते. चेर्लेत्तींच्या शोधाचे तेच झाले.

१९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आणि नंतर इमिप्रामिन ही औषधे आली. गोळीने भागत असेल तर वीज कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते. १९७५ च्या एका गाजलेल्या हॉलिवूड चित्रपटाने विद्युत उपचार म्हणजे बंडखोर रुग्णाला चिरडण्याचे हत्यार, ही प्रतिमा घट्ट केली. खुद्द इटलीत १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालये बंद करण्याचे धोरण आले आणि चेर्लेत्तींच्या जन्मभूमीतच त्यांची पद्धत जवळपास नाहीशी झाली.

मग तिचा उपयोग खरोखर होतो की तो केवळ विश्वासाचा प्रताप आहे? हा प्रश्न गोमंतकीयांना नवा वाटू नये. कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया यांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये दाखवून दिले होते की संमोहनाचा परिणाम कुठल्या चुंबकीय द्रवातून येत नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनातून येतो. रुग्णाच्या अपेक्षेचे सामर्थ्य एवढे मोठे असेल, तर कोणत्याही उपचाराची परीक्षा ते वगळून व्हायला हवी. विद्युत उपचारांची तशी परीक्षा झाली. काही रुग्णांना भूल देऊन खरोखर प्रवाह दिला गेला, काहींना फक्त भूल दिली गेली. आपल्याला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. अशा सहा चाचण्यांतील २५६ रुग्णांची माहिती ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या गटाने २००३ मध्ये एकत्रित मांडली. खरा उपचार मिळालेल्यांचे नैराश्य स्पष्टपणे अधिक कमी झाले होते. औषधांशी तुलना करणाऱ्या अठरा चाचण्यांतही, ज्यांत ११४४ रुग्ण होते, विद्युत उपचार सरस ठरले. त्यापूर्वी १९६५ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीत चार आठवड्यांच्या शेवटी विद्युत उपचार घेतलेल्यांपैकी ७१ टक्के, इमिप्रामिन घेतलेल्यांपैकी ५२ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण सुधारले होते. निष्क्रिय गोळीनेही इतके जण सुधारावेत, यात फारिया यांचा धडा आहे. आणि त्या आकड्याच्या वरचे जे अंतर, त्यात चेर्लेत्तींच्या शोधाचा खरा वाटा आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्युत उपचारांनी बरे झालेल्या रुग्णांना पुढे निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के रुग्णांचा आजार उलटला. नैराश्यरोधक औषध आणि लिथियम ही जोडी दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे विद्युत उपचार रुग्णाला विहिरीतून वर काढतात. तो पुन्हा पडू नये म्हणून औषधे आणि देखरेख चालू ठेवावी लागते. रोमच्या पहिल्या रुग्णाच्या बाबतीत हेच राहून गेले होते. दुसरी मर्यादा स्मरणाची. उपचारांच्या आगेमागे असलेल्या दिवसांची आठवण अनेकांची पुसट होते. बहुतेकांची नवे लक्षात ठेवण्याची क्षमता काही आठवड्यांत पूर्ववत होते. काहींच्या मात्र जुन्या वैयक्तिक आठवणींतील काही भाग कायमचा जातो. डोक्याच्या एकाच बाजूला आणि अतिशय सूक्ष्म स्पंदांनी प्रवाह दिल्यास ही हानी कमी होते. जिवाचा धोका थोडा, म्हणजे सुमारे एक लाख उपचारांमागे दोन मृत्यू, एवढा आढळला आहे. आकडीमुळे मेंदूत नेमके काय बदलते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही.

आज हा उपचार कसा होतो, हे पाहिले तर १९३८ चे दृश्य ओळखूही येणार नाही. रुग्ण उपाशीपोटी येतो. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतो, स्नायू सैल करणारे औषध देतो, प्राणवायू सुरू असतो. काही सेकंदांचा प्रवाह, साधारण अर्धा ते एक मिनिटाची आकडी आणि थोड्या वेळाने जाग. आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा ते बारा उपचार बहुधा पुरतात. सौम्य नैराश्यासाठी ते नसतातच. औषधांना दाद न देणारे, खाणेपिणे सुटलेले, भ्रमात गुरफटलेले किंवा आत्महत्येच्या उंबरठ्यावरचे रुग्ण, जेथे औषधाचा परिणाम होईपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबणे परवडत नाही, तेथे ते सुचवले जातात.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांशिवाय विद्युत उपचार देण्यास मनाई केली आहे. अल्पवयीनांना ते देता येत नाहीत. अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीच्या उपचारांच्या नावाखालीही संमतीवाचून ते देता येत नाहीत. निजामाच्या काळात मराठवाड्यातील जालना येथे असलेल्या आणि नंतर हैदराबादच्या एर्रागड्डा येथे हलवलेल्या मनोरुग्णालयाला जसा हा कायदा लागू आहे, तसाच तो पणजीच्या आल्तिनोवर १९५७ मध्ये आबे फारिया यांच्या नावाने सुरू झालेल्या आणि आता बांबोळीत असलेल्या आपल्या संस्थेलाही लागू आहे. रोममधील त्या अनोळखी माणसाने दिलेला नकार त्या दिवशी ऐकला गेला नाही. आज रुग्णाचा शब्द ऐकणे कायद्याने बंधनकारक आहे.

चेर्लेत्ती १९४८ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाले, तरी संशोधन करीत राहिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. २५ जुलै १९६३ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या पद्धतीची लोकप्रियता ओसरू लागली होती आणि तिची खरी शास्त्रीय परीक्षा अजून पुरी व्हायची होती. आपला शोध नेमक्या कोणत्या रुग्णांना तारतो, हे त्यांच्या हयातीतच दिसू लागले होते. तो का तारतो, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही. त्यांच्या हातून झालेली चूक मोठी होती आणि त्यांनी दिलेले साधनही मोठे होते. आज एखाद्या घरात ‘शॉक’ हा शब्द उच्चारला जातो आणि सारे गप्प होतात, तेव्हा त्या कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न या इतिहासातूनच मिळतात. भूल दिली जाणार का, किती वेळा उपचार होणार, आठवणींवर काय परिणाम होईल, नंतर कोणती औषधे चालू राहतील आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे काय आहे? या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर केवळ शब्दाच्या भीतीने आपल्या माणसाला त्या विहिरीत आणखी काही दिवस ठेवण्याचे कारण उरत नाही.